टोपल्याच्या मापाची गाडी

हळदीच्या जेवणाचं मटण कोणीही रांधावं, पण भाकरी मात्र कलावतीची हवी, असं शीळफाट्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत म्हणत असत. फार जुनी गोष्ट नाही हो, गेल्या वैशाखापर्यंतची. तांदळाची पांढरी, पातळ भाकरी, मातीच्या खापरीवर भाजलेली. दुपारी केलेली रात्री मोडली तरी मऊच. चार बाया मिळून हे काम करायच्या. उकड मळायला दोघी, खापरीवर रतन, आणि थापायला स्वतः कलावती. ऑर्डर शेकड्यांनी असायची. ऑर्डरच्या दिवशी चुलीच्या धगीने तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे आणि रात्री गुडघे बोलायला लागायचे. तरी दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं की बाई तयारच.

मग वैशाखात घोटाळा झाला. डोंबिवलीच्या मागच्या अंगाला जागृतीवहिनींच्या थोरल्या मुलाची हळद होती. टेम्पोवाल्याने भाकऱ्यांच्या टोपल्यावरून ताडपत्री आवळून बांधली. कलावती सांगत होती, अरे वारा लागू दे, पण टेम्पोवाले कुणाच्या बापाचं ऐकतात का? त्यात फाट्यावर एक कंटेनर आडवा झाला. टेम्पो जागचा हलेना. हळदीच्या मांडवात टोपला उघडला तेव्हा भाकऱ्यांना घाम फुटून त्यांचा एकच लगदा झाला होता. पाहुण्यांनी मटण भातावर खाल्लं. कोणी शिवी दिली नाही, पण एका म्हाताऱ्याने सगळ्यांच्या देखत विचारलं, "भाकरी करनारी कंची?" आणि कलावती पाण्याच्या पिंपाआड जाऊन उभी राहिली.

त्यानंतर ऑर्डरी आटल्या. लोक तोंडावर गोड बोलायचे आणि काम उल्हासनगरच्या केटररला द्यायचे. चारही बायांचा हंगाम तसाच गेला. रतनचं तर घरच त्यावर चालायचं.

आणि आता, दसरा झाल्यावर, जागृतीवहिनींचाच फोन आला. धाकट्याची हळद तुळशीच्या लग्नानंतर लगेच होती.

"घरात सगली नाय म्हनतात," जागृतीवहिनी म्हणाल्या. "मीच तुजं नाव घेतलंय. पन कलावती, या खेपेला माजी लाज तुज्या टोपल्यात हाय बग."

फोन ठेवून कलावती ओट्यावर बसून राहिली. ही हळद नीट पार पडली तर चौघींचं काम परत उभं राहणार होतं. नाही पडली तर खापरी अडगळीत टाकायची.

"टेम्पो नको," ती नवऱ्याला म्हणाली. "आपली गारी पायजे."

गुणाजी अंगणातल्या वाफ्यात मेथीला पाणी घालत होता. एमआयडीसीतल्या कारखान्यात उभा जन्म पाळ्या करून तो आता घरी बसला होता, आणि घरी बसल्यापासून गाडीचं नाव काढायची वाटच बघत होता. हातातली झारी टाकून तो उठला.

"लाल घेऊ या," तो म्हणाला.

नव्या गाडीचं नावच नको. कलावतीचे साठवलेले होते, आणि गावातल्या बायकांची भिशी होती. या महिन्याची भिशी रतनची लागली होती. रतन स्वतःच येऊन म्हणाली, "माजी तू उचल. गारी आली त मीच जगीन ना?" एवढ्यात बसेल ती जुनी, लहान गाडी बघायची ठरलं. चालवणार त्यांची मुलगी रसिका. ती ठाण्याला, नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती, आणि लायसन काढून दोन वर्षं झाली तरी मैत्रिणीची गाडी सोडली तर तिने काही चालवलेलं नव्हतं.

कल्याणकडच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचे अड्डे आहेत. रविवारी तिघं निघाली, आणि कलावतीने डोक्यावर रिकामा टोपला घेतला.

"आई, हे काय?" रसिका म्हणाली.

"माप."

"अगं, लोक हसतील!"

"हसू दे. त्यांच्या घरची भाकरी मी नेनार हाय का?"

बसमध्ये कंडक्टरने टोपल्याकडे बघून विचारलं, "मावशी, याचं अर्धं की पूर्ण?" गुणाजी खिडकीबाहेर बघत बसला. जणू ही बाई आपल्या ओळखीचीच नाही.

अड्ड्यावर ऋतुराज नावाचा पोरगा होता. केसांना जेल, पायात टोकदार बूट. "या काका, या. बजेट बोला, गाडी मी बोलतो." गुणाजीला लाल गाडी दिसली आणि त्याचं काम झालं. चाकं चकाचक, काचा काळ्या. तो बोनेटवरून असा हात फिरवायला लागला की कलावतीला लग्नाचे नवे दिवस आठवले.

"एकदम मक्खन गाडी आहे काका. सिंगल हँड. डॉक्टरची."

"मागचं उघर," कलावती म्हणाली.

त्याने मागचं दार वर उचललं. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅसची टाकी आडवी पडलेली.

"आनि ही कोन बया?"

"सीएनजी काकू! ॲव्हरेज बघा ना तुम्ही. पेट्रोलच्या निम्म्यात फिराल."

"आनि टोपला कुठं ठेवू? तुज्या डोस्क्यावर?"

ऋतुराज हसला, मग टोपला बघून जरा सावरला. "काकू, आधी तो बाहेर ठेवा ना प्लीज, कस्टमर येतात." रसिकाचं तोंड लाल झालं. कलावतीने टोपला खाली ठेवला नाही. तो कमरेवर घेऊन ती पुढच्या गाडीकडे गेली, मग तिच्या पुढच्या. स्वस्तातल्या गाड्यांत बघावं तिथे टाकी. एका पांढऱ्या गाडीत नव्हती, टोपला बसलाही, पण आत डोकं घातलं तर भिजलेल्या गोणपाटासारखा वास आला. रसिकाने पायाखालची चटई उचलली, तर खाली वाळलेला गाळ.

"पावसात कुठे उभी होती ही, खाडीत?" रसिकाने विचारलं.

"थोडी वॉश मारू, होऊन जाईल," ऋतुराज म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता.

लागोपाठ दोन रविवार असेच गेले. गुणाजीच्या मनातून लाल गाडी काही जाईना. जेवताना तो मध्येच म्हणायचा, "टाकी काढून घेतली त?" आणि कलावती त्याच्या पानात आणखी भात वाढायची, म्हणजे तोंड बंद.

मग रसिकाने बातमी आणली. दवाखान्यात कवळी बसवायला येणारे ऑस्वल्ड म्हणून एक म्हातारे होते. नौपाड्यातच राहायचे. डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवायला बंदी केली होती, म्हणून नऊ वर्षांची लहान पेट्रोल गाडी विकायची होती. "पण तिथे आपला इंटरव्ह्यू होणार," रसिका म्हणाली. "त्यांनी आतापर्यंत चार जणांना हाकललंय."

ऑस्वल्ड तळमजल्यावर राहायचे. गाडी खिडकीखालीच, कापडी आवरणात. आवरण त्यांनी स्वतः काढलं, घड्या घालून बायकोच्या, अ‍ॅग्नेसच्या, हातात दिलं. राखाडी रंगाची साधी गाडी. आतल्या सीटांवर शोरूममधलं प्लॅस्टिक अजून तसंच.

"नऊ वर्षं प्लॅस्टिक?" गुणाजीने विचारलं.

"सीट खराब होऊ नये म्हणून," ऑस्वल्ड म्हणाले. "गाडी कोण चालवणार? तू? स्पीड किती ठेवतेस? हॉर्न उगाच मारतेस का?" रसिका उत्तरं देत गेली. कलावतीचं लक्ष नव्हतं. तिने मागचं दार उघडायला लावलं आणि टोपला आत सरकवला. तो असा बसला की सुताराने माप घेऊन खण केला असता तरी इतका बसला नसता. कलावतीला हसू आवरेना. तिने टोपला बाहेर काढला आणि उगाचच परत आत घातला.

"हे काय चाललंय?" ऑस्वल्डनी विचारलं. "माझ्या गाडीत आजपर्यंत मासे गेलेले नाहीत, कोंबडी गेलेली नाही."

"भाकरी जाईल," कलावती म्हणाली. "तांदलाची. हलदीची."

"हातावर थापलेली?" अ‍ॅग्नेसने मध्येच विचारलं. "पाण्याच्या हाताने?"

"मग काय लाटनं फिरवतंय?"

अ‍ॅग्नेस खूश होऊन नवऱ्याकडे वळली. "अरे, माझी आई करायची तसली! ओसी, यांना दे."

"दे काय दे? किंमत ठरली पाहिजे." ऑस्वल्ड एक लाख सत्तरवर अडून बसले. कलावती एक चाळीसवरून हलेना. चहा झाला, नानकटाई झाली. गुणाजी म्हणाला टायर झिजलेत. ऑस्वल्ड म्हणाले टायर झिजले नाहीत, तुमची नजर झिजली आहे. शेवटी अ‍ॅग्नेसने एक पंचावन्नचा आकडा टाकला आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत चहाचे कप उचलून आत नेले. टोकन म्हणून कलावतीने पदरची पाच हजारांची घडी पुढे केली.

"पन येक," ती म्हणाली. "भाकऱ्या घालून बगितल्याबिगर बाकीचं नाय देनार."

"टेस्ट ड्राइव्ह म्हणजे त्या कोपऱ्यापर्यंत," ऑस्वल्ड म्हणाले.

"रिकामी गारी कोपऱ्यापर्यंत कोन पन नेईल."

मग पुढच्या रविवारी गाडी गावात आली. रसिका चालवत होती, शेजारी ऑस्वल्ड दाराचा दांडा घट्ट धरून, मागे अ‍ॅग्नेस प्लॅस्टिकवर घसरत. चूल सकाळीच पेटली होती. रतन खापरीवरून भाकऱ्या उतरवत होती, कलावती थापत होती. टोपला अर्धा भरला. वर पांढरं फडकं घातलं, टोपला मागे ठेवला, दार धाडकन लावलं. ऑस्वल्डनी डोळे मिटले. रसिका फाट्यापर्यंत गेली, गर्दीत मुद्दाम उभी राहिली, आणि परत आली.

सगळी मागच्या दाराशी जमली. कलावतीने फडकं उचललं. फडकं ओलं होतं. खालच्या भाकऱ्या एकीला एक चिकटलेल्या.

रतन हळूच म्हणाली, "आई गो."

कलावती मटकन ओट्यावर बसली. तिला रडू यायला लागलं, आणि त्यापेक्षा जास्त स्वतःचा राग आला. किती गाड्यांच्या डिक्यांत तिने डोकं खुपसलं होतं! बसमध्ये हसं करून घेतलं, त्या जेलवाल्या पोराचं ऐकून घेतलं, आणि मागत काय फिरली, तर घट्ट झाकणाचा डबा.

ऑस्वल्ड कोपऱ्यात गेले, खिशातून टोकनची घडी काढली आणि तिच्यापुढे धरली. नोटा तिच्याच होत्या, तशाच गुंडाळलेल्या. "घ्या. मी कोणाला फसवत नाही."

"तुमच्या गारीचा काय दोस?" कलावती म्हणाली. "ताडपत्री नको म्हनत म्हनत मी लोखंडाची ताडपत्री इकत घेतली. चूक माजी. पैसं ठेवा खिशात, मना इचार करू दे."

गुणाजीने लाल गाडीचं नाव काढायला तोंड उघडलं, पण रतनने त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

"मागची सीट पडते ना, ओसी?" अ‍ॅग्नेसने विचारलं. "गाडीच्या पुस्तकात चित्र होतं."

"पडते. पण कधी पाडली नाही."

"मग पाड."

ऑस्वल्डनी कडी ओढली. सीट हलेना. नऊ वर्षांचं प्लॅस्टिक सांध्यात जाऊन बसलं होतं. म्हातारा प्लॅस्टिककडे बघत राहिला. मग ऑस्वल्डनी हात पुढे केला आणि विचारलं, "कात्री आहे का?" रतनने कोयता आणून दिला. त्यांनी एका बाजूने प्लॅस्टिक टराटरा फाडलं, मग दुसऱ्या. अ‍ॅग्नेस हसत सुटली. "नऊ वर्षं मला त्यावर बसवलंस! उन्हाळ्यात साडी चिकटायची माझी!" ऑस्वल्डही हसायला लागले आणि त्यांची नवी कवळी चमकली. सीट धपकन पुढे पडली.

आता मागच्या दारापासून पुढच्या सीटांच्या पाठीपर्यंत सपाट जागा झाली. टोपला मागून घालून पुढे सरकवला, तो बरोबर दोन खिडक्यांच्या मध्ये आला. कलावती कधीच चुलीपुढे जाऊन बसली होती. "रतन, जाल लाव!" हात परत चालायला लागले. खापरीवरच्या भाकऱ्या टम्म फुगत होत्या. टोपला पुन्हा भरला, वर विरळ सुती फडकं बांधलं, चारही काचा खाली घेतल्या, आणि या खेपेला कलावती स्वतः पुढे बसली. फाट्यावरच्या गर्दीत ती सारखी मागे हात घालून भाकऱ्या चाचपत होती. वारा या खिडकीतून येऊन त्या खिडकीतून जात होता. परत येऊन तिने खालची भाकरी ओढून काढली आणि अ‍ॅग्नेसच्या हातावर ठेवली. अ‍ॅग्नेसने ती नुसतीच, उभ्या उभ्या खाल्ली.

"कोरडी," ती म्हणाली. "मऊ आणि कोरडी."

"म्हंजे गारीत मानसं दोनच?" गुणाजीच्या आता लक्षात आलं. "मग मी?"

"तुमी स्कूटरवर."

"गारी घेऊन मी स्कूटरवर?"

"हलदीपुरतं," कलावती म्हणाली. "येरवी बसा की मागं, आता प्लॅस्टिक पन नाय."

सोमवारी रसिकाने बँकेतून उरलेले पैसे पाठवले. ऑस्वल्डनी रसिकाबरोबर गावात येऊन नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या केल्या आणि किल्ली देताना रसिकाला आणखी अर्धा तास सूचना दिल्या. रतनने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ऑस्वल्डनी बोनेटवर एकदा हात ठेवला, गाडीला पाठ केली, आणि बसस्टॉपपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

हळदीच्या दिवशी चार चुली पेटल्या. सकाळपासून चौघींनी मान वर केली नाही. रतनच्या तळहाताला फोड आला, तिने त्याला तेल लावलं आणि परत बसली. ऊन कलायला लागलं तशी गाडी निघाली. एकावर एक असे दोन टोपले, मध्ये हवेसाठी बांबूच्या कामट्या. रसिका चालवायला, शेजारी कलावती, पुढे स्कूटरवर गुणाजी. रतन आणि बाकीच्या दोघी मागून रिक्षाने.

आणि फाटा तुंबलेला. कंटेनर, डंपर, बस, सगळे एकमेकांच्या अंगावर. रसिकाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"आई, झालं."

कलावतीने मागे हात घातला. वरची भाकरी गरम होती, अजून कोरडीही होती. पण गाडी उभी राहिली तसा वाराही उभा राहिला. तिने पदर सोडला आणि मागे वळून टोपल्यावर वारा घालायला लागली. हात भरून आला तर हात बदलला. पुढे गुणाजी स्कूटर लावून रस्त्यात उतरला होता. जन्मात कधी वर आवाज न चढवलेला माणूस, डंपरच्या दारावर थापा मारत ओरडत होता, "अरे घे की बाजूला! हलदीच्या भाकऱ्या हायत! मानसं जेवायची थांबलीत!"

डंपरवाल्याने खाली वाकून बघितलं. "कुणाची हळद?"

"आपल्यातलीच समज!"

डंपरवाला हसला आणि त्याने चाक फिरवलं. त्याच्या मागचा बसवाला सरकला. गुणाजी स्कूटर ढकलत पुढे, आणि त्याच्यामागे ती राखाडी गाडी एकेक वीत पुढे. कोणीतरी खिडकीतून ओरडलं, "काका, एक आम्हाला पण!" फाटा ओलांडला तसा रसिकाने गिअर बदलला, आणि चारी खिडक्यांतून वारा असा आत घुसला की फडकं फडफडायला लागलं. कलावतीने पदर खांद्यावर घेतला.

मांडवात बँजो वाजत होता. नवरदेव पिवळाजर्द होऊन पाटावर बसलेला. गाडीतून उतरताच कलावतीला मांडवाच्या कडेला पावाच्या लाद्या दिसल्या. एकावर एक रचलेल्या, ट्रेच्या ट्रे. तिचा पाय तिथेच थांबला. म्हणजे कोणीच भरवसा ठेवला नव्हता. जागृतीवहिनी पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं.

"सासूबाईंनी मागवलेत गो. मी नको म्हनत व्हते."

कलावतीने आणि पाठोपाठ रिक्षाने पोचलेल्या रतनने टोपला उतरवून मांडवात आणला. जागृतीवहिनींची सासू काठी टेकत आली, फडकं बाजूला सारलं, आणि वरची सोडून पार खालून एक भाकरी ओढली. म्हातारी मोठी हुशार. भाकरी सुटी निघाली. तिने ती मोडली, वाफ आली. म्हातारीने तुकडा तोंडात घातला. चावायला दात नव्हते, तरी तो गेला. तिने दुसरा तुकडा घातला. बँजोवाले सोडून सगळे थांबले होते.

"पानं मांडा," म्हातारी म्हणाली. "आनि पयली भाकरी नवऱ्याला द्या."

मग काय विचारता! पंगत बसली आणि भाकऱ्या मागून मागून नेल्या. दोन ठिकाणची माणसं कलावतीचा नंबर मागून गेली. एकाने तर येत्या रविवारचंच विचारलं. रतन फोड आलेल्या हाताने वाढत होती आणि उगाचच हसत होती. गुणाजीला कोणीतरी खुर्ची दिली. तो फाट्यावरची हकिगत सांगत होता, आणि दर खेपेला डंपर वाढत होते.

पंगत उठत आली तशी जागृतीवहिनी परत जवळ आल्या. या वेळी त्यांचं हसू सरळ होतं. "कलावती, येक काम कर. ह्या पावाला कोनी हात पन नाय लावला. तुमची गारी आता रिकामीच जानार. वाटेत बेकरी लागते, तेवढ्या लाद्या परत टाक ना."

कलावतीने पावाच्या ट्रेकडे बघितलं. मग बाहेर, मांडवाच्या उजेडात चारी काचा उघड्या ठेवून उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघितलं. आणि ती मोठ्याने, मांडवभर ऐकू जाईल अशी हसली.

"माज्या गारीत पाव बसत नाय, वयनी," ती म्हणाली. "त्याला रिक्षा करा."